ग्रीसचा उतारा

पहिल्या दिवशी मी रहेमानचाचांना जे काम सांगितलं, ते त्यांना नीट ऐकूच गेलं नाही. चूक माझी होती. महत्त्वाचा शब्द मी तोंडातल्या तोंडात उच्चारला.

"सहा कुत्री पाळायची, त्यांना मोजून खायला द्यायचं, आणि त्यांची विष्ठा रोज गोळा करून, वाळवून मोजायची," असं मी म्हणाले होते.

हातातली तेलाची कुपी त्यांनी खाली ठेवली. मग म्हणाले, "बाकी सारं समजलं, मॅडम. पण कुत्र्याची निष्ठा मोजाची कशी? काट्यावर?"

मागे खुर्चीत बसलेल्या श्रीकृष्णकाकांना चहाचा ठसका लागला.

"निष्ठा नाही चाचा. विष्ठा. म्हणजे… शी."

"गू?"

"हो."

"मंग गू म्हणा ना. तेवढं मराठी येते मले."

ही गोष्ट २००६ सालची. मी तेव्हा नागपूरला पशुवैद्यकाच्या कॉलेजात पुढचं शिक्षण घेत होते. विषय होता पशुआहार. आमच्या यवतमाळच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेल्या. आजोबा तहसिलात, बाबा पोस्टात. मुलगी कुत्र्यांच्या पोटावर संशोधन करणार हे नातेवाइकांना सांगताना आई नुसतं "डॉक्टरकी करते" एवढंच म्हणायची. माझा प्रश्न साधा होता. सोयाबीनची ढेप, तुरीची चुनी म्हणजे डाळीचा चुरा, आणि ज्वारी एवढ्या घरच्या मालातून कुत्र्यांसाठी चांगलं खाणं तयार होईल का, आणि झालं तर त्यातलं त्यांना पचेल किती?

यासाठी लागणारी जागा मला दारव्ह्यात मिळाली, कारण कापसाचे दिवस फिरले होते. भाव पडले, बोंडअळीनं पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, खाल्ली, कास्तकार सोयाबीनकडे वळले, आणि आर्णी रोडवरच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, मालकानं दोन हंगामांपासून फाटकाला कुलूप लावून ठेवलं. माझे चुलतकाका श्रीकृष्ण तिथे मॅनेजर होते. कुलपाची किल्ली त्यांच्याकडे. आत चोवीस मशिनी झाकून ठेवलेल्या, आणि त्या झाकलेल्या मशिनींना रोज सकाळी आठला येऊन तेल देणारा एकच माणूस उरला होता, तो म्हणजे रहेमान मिस्त्री. वय बावन्न. सव्वीस वर्षं तिथे काढलेली. मशीन चालू असताना आवाजावरून कुठला रोलर घासतोय हे ते बाहेरच्या ओट्यावर चहा पिता पिता सांगायचे. आता आवाजच नव्हता, तरी ते यायचे. काकांनी एकदा विचारलं होतं की, बंद मशिनीला तेल कायले देता. त्यावर ते म्हणाले होते की, झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालतोच ना आपण.

कामाला हो म्हणायला त्यांनी एक दिवस मागून घेतला. घरी विचारायचं होतं. घरी म्हणजे अमिनाबींना. मशिदीमागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, आणि त्या घरात शेवटचा शब्द अमिनाबींचा असायचा. त्यांनी काय म्हटलं ते चाचांनीच मला पुढे सांगितलं. आधी त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग गप्प झाल्या. ज्याच्या हाताखाली चोवीस मशिनी चालायच्या, तो माणूस आता कुत्र्याचं उचलणार, लोक काय म्हणतील, असं त्यांना वाटलं. पण नवरा दोन वर्षं नुसता तेलाची कुपी घेऊन फिरतोय हेही त्या बघत होत्या. शेवटी तीन अटींवर परवानगी मिळाली. कामाचे कपडे वेगळे, आणि ते घरात येणार नाहीत. कुत्र्याची लाळ अंगाला लागते, तेव्हा जिनिंगच्या नळावर आंघोळ करूनच घरी यायचं. आणि गल्लीत कोणाला काही सांगायचं नाही.

तिसरी अट पाळायला सगळ्यात अवघड गेली.

काम कळल्यावर मात्र त्यांना माझ्याआधी उमगलं. मी कागदावर आकडे मांडून समजावत होते. शंभर ग्रॅम सुकं खाणं पोटात गेलं आणि सत्तावीस ग्रॅम सुकं बाहेर पडलं, तर त्र्याहत्तर पचलं. ते मधेच म्हणाले, "म्हणजे उतारा."

मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं की, एक क्विंटल कापूस मशिनीत घातला की साधारण चौतीस किलो रुई निघते, त्याला रुईचा उतारा म्हणतात. बाकी सरकी आणि थोडी घट. सव्वीस वर्षं ते रोज हेच मोजत आले होते. आत किती टाकलं, बाहेर काय पडलं, मधे किती गेलं. कुत्रा हे त्यांच्या मते चार पायांचं जिनिंग होतं, फक्त त्याची रुई बाहेर पडत नाही, अंगाला लागते.

सगळं वाळवूनच का मोजायचं, हेही त्यांना सांगावं लागलं नाही. कापसावर पाणी शिंपडून वजन वाढवणारे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. ओला माल काट्यावर चढवायचाच नाही, हा त्यांचा जुना नियम.

कुत्री त्यांनीच आणली. चार ओळखीच्यांकडून, दोन रस्त्यावरची. सगळ्यांना मी लस टोचली, जंताचं औषध दिलं. नावं त्यांनी ठेवली: रोलर, पुली, नट, बोल्ट आणि बेअरिंग. सहावी एक बारीक अंगाची काळी कुत्री होती. तिला पकडायला गेलं की हातातून निसटायची, म्हणून ती ग्रीस.

पिंजरेही त्यांनी बांधले. भंगारातल्या जुन्या मशिनींच्या जाळ्या काढून त्यांची जमीन केली, खाली उतरता पत्रा लावला, म्हणजे मूत्र एका बाजूला वाहून जाईल आणि उरलेलं जाळीवर राहील. कॉलेजात मी याहून महाग पिंजरे पाहिले होते, याहून चांगले नाही.

पण कुत्र्यांना ते पटले नाहीत. दोन दिवस सहाही जणांनी ताटं चाटूनपुसून साफ केली, आणि जाळीवर काहीच पडलं नाही. कुत्रं शक्य असेल तोवर आपल्या झोपायच्या जागी घाण करत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. सहाही जणांनी ते पाळायचं ठरवलेलं दिसत होतं. तिसऱ्या दिवशी बोल्ट इतका केविलवाणा दिसायला लागला की चाचांनी त्याच्या गळ्यात दोरी अडकवली, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात पळी घेतली, आणि त्याला आर्णी रोडवर फिरवायला नेलं.

फाटकासमोरच लखीरामचं चहाचं दुकान. लखीराम हा बोलायला कधी न थकणारा माणूस, आणि जिनिंग बंद पडल्यापासून त्याच्याकडे बोलायला विषय कमी पडत होते. तो बोल्टकडे बघत राहिला, मग डब्याकडे, मग पळीकडे.

"मिस्त्री," तो म्हणाला, "तुमी कुत्र्याले फिरवून राह्यले का कुत्रं तुमाले?"

चाचा उत्तर देणार तेवढ्यात बोल्टला रस्त्याकडेच्या झुडपामागची जागा पसंत पडली. त्यांनी दुकानाकडे पाठ करून, खाली वाकून पळीनं सगळं डब्यात भरलं, वर झाकण लावलं आणि परत फिरले. लखीरामनं पुढचे चार दिवस प्रत्येक गिऱ्हाइकाला या प्रसंगाचं वर्णन ऐकवलं. पण डब्यात काय होतं, हे त्याला नेमकं कळलेलं नव्हतं. चाचांनी त्याला सांगितलं होतं की, मातीचं परीक्षण चालू आहे.

आठवडाभरात कुत्री पिंजऱ्याला सरावली. सकाळी जाळ्या स्वच्छ करताना चाचा प्रत्येकाचा माल तपासून मला आकडा सांगायचे. घट्टपणाला एक ते पाच गुण द्यायची पद्धत असते, तिचा तक्ता मी भिंतीला चिकटवला होता. चाचांनी त्याशेजारी खडूनं स्वतःची नावं लिहिली. एक म्हणजे पक्कं बोंड. दोन म्हणजे फुटलेलं बोंड. तीन म्हणजे कवडी, किडका, अर्धवट फुटलेला कापूस. चार म्हणजे भिजलेला कापूस. पाचला त्यांनी नाव दिलं नाही. पाच असलं की ते नुसता हात हलवायचे आणि बादली आणायला जायचे.

सुरुवातीला पाच फार वेळा आलं. सोयाबीनची ढेप आम्ही नीट शिजवत नव्हतो. चाचांच्या सांगण्यावरून ती अर्धा तास उकळायला लागलो, तेव्हा आकडे दोनवर आले. घरी अमिनाबी सोयाबीनच्या वड्या किती वेळ शिजवतात हे त्यांनी विचारून घेतलं होतं. अमिनाबींनी सांगितलं, पण कशासाठी ते विचारलं नाही. त्यांना उत्तर ऐकायचं नव्हतं.

वाळवण्याची अडचण वेगळी होती. त्या वर्षी आमच्याकडे दिवसाला आठ-आठ तास वीज जायची, मग विजेची भट्टी चालवणार कशी. चाचांनी पत्र्याचं एक कपाट केलं, खाली पऱ्हाटीचा जाळ, मधे रेतीचा थर, वर ताटल्या. आत थर्मामीटर टांगला. तो साठच्या वर गेला की ते एक काडी मागे ओढायचे. पक्कं वाळवण मी पुढे कॉलेजात करायची, पण निम्मं काम या कपाटात व्हायचं. वासाचं विचारू नका. दुसऱ्याच दिवशी लखीराम तक्रार घेऊन आला, की माती वाळताना असा वास येत असेल तर ती माती कुठली आहे ते त्याला कळलंच पाहिजे. चाचांनी कपाटाचं धुराडं दुसऱ्या बाजूला वळवलं आणि त्याला एवढंच सांगितलं की, काळी माती आहे.

पाच दिवसांचा पहिला हिशेब लागला तेव्हा मी आनंदानं उडालेच. पाच कुत्र्यांचे आकडे एकाच ठिकाणी आले होते, एकाहत्तर ते चौऱ्याहत्तर. आणि ग्रीसचा आला अठ्ठ्याऐंशी. मला वाटलं, या कुत्रीचं पोट काहीतरी वेगळंच आहे. तिच्यावर स्वतंत्र प्रबंध लिहिता येईल. मी तसं चाचांना सांगितलं.

ते हसले नाहीत. डबा खाली ठेवून माझ्याजवळ आले.

"मॅडम, एकाच गाडीतला कापूस सहा मशिनीत टाकला, अन् एकच मशीन भलताच उतारा देऊन राह्यली, तं तिले शाबासकी नाही द्याची. खाली वाकून पाहाचं, सरकी कुठं सांडून राह्यली."

मी वाकून पाहिलं. पिंजऱ्याखाली काही नव्हतं. ग्रीस माझ्याकडे अतिशय निरागसपणे बघत होती.

माल कुठेतरी सांडतोय हे खरं धरलं, तर सगळा गोळा करून मोजण्याची पद्धत इथे चालणार नव्हती. पण दुसरी एक पद्धत मला माहीत होती. खाण्यात एक हिरवी भुकटी अगदी ठरावीक प्रमाणात मिसळायची. ती पचत नाही, जशी जाते तशी बाहेर येते. खाणं पचून कमी झालं की उरलेल्यात भुकटीचं प्रमाण वाढतं, आणि ते किती वाढलं यावरून पचलं किती ते काढता येतं. मग सगळं गोळा करायची गरज नाही, थोडा नमुना पुरे. नागपूरहून आमच्या सरांनी भुकटी पाठवली. चाचांना ही पद्धत फार आवडली. टाकी गळत असली की ते पाण्यात नीळ टाकायचे आणि कुठली भिंत निळी होते ते बघायचे, तसंच हे, असं त्यांचं म्हणणं. त्यांना पचनाइतकीच गळतीचीही उत्सुकता होती.

एक गोष्ट सांगायची राहिली. ही भुकटी पोटातून बाहेर येते तेव्हाही हिरवीच असते. चांगली गर्द हिरवी, लग्नातल्या चुड्यासारखी.

भुकटी सुरू केल्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी अडीचच्या सुमारास, काकांचा फोन आला. आवाज पडलेला होता. मी आणि चाचांनी ताबडतोब घरी यावं, असं ते म्हणाले.

काकांचं घर जिनिंगपासून पाच मिनिटांवर, एका जुन्या गल्लीत. आम्ही पोचलो तेव्हा तिथे तीसचाळीस माणसं जमलेली होती आणि लखीराम दुकान सोडून सगळ्यांत पुढे उभा होता. काकांच्या फाटकासमोर एक हिरवा ढीग होता. शेजारच्या धनीबाईंच्या फाटकासमोर दुसरा, थोडा वाळलेला. धनीबाई पंचायत समितीतून निवृत्त झालेल्या, स्वभावानं खमक्या. त्यांच्या आणि माझ्या सुचित्राकाकूंच्या मधे एक भिंत होती आणि त्या भिंतीवरून येणारी शेवग्याची फांदी होती. त्या फांदीवरून सात वर्षं दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. काल धनीबाईंना आपल्या दारात हिरवं काहीतरी दिसलं, तेव्हा त्यांना वाटलं काकूंनी उतारा ठेवला, त्यांच्यावर काही करणी केली. आज काकूंना आपल्या दारात दिसलं, तेव्हा त्यांना वाटलं धनीबाईंनी तो परत पाठवला. सात वर्षांत पहिल्यांदाच त्या बोलल्या, आणि सात वर्षांचं एकदम बोलल्या.

काका मधे पडून सांगत होते की असं काही नसतं, हे पऱ्हाटीवरच्या फवाऱ्याचं विष आहे, जनावरानं खाल्लं असणार. त्यामुळे गर्दी आणखीनच घाबरली. ज्यांच्या घरी शेळ्या होत्या ते शेळ्या बांधायला पळाले. कोणीतरी म्हणालं पोलिसांना बोलवा. कोणी म्हणालं मांत्रिकाला. धनीबाईंनी झाडू उचलला होता, आणि तो ढिगासाठी होता की काकूंसाठी हे अजून ठरलेलं नव्हतं.

मी पुढे होऊन काहीतरी बोलणार, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की चाचा शेजारी नाहीत. ते गर्दीच्या कडेला उभे होते. कामाच्या कपड्यांत, हातात डबा आणि पळी. फोन आला तेव्हा ते जाळ्या साफ करत होते, आणि तसेच निघाले होते. त्या गर्दीत त्यांच्या गल्लीतले निदान सहा जण होते. मशिदीत रोज शेजारी उभे राहणारे. त्यांनी त्या सहा जणांकडे पाहिलं, धनीबाईंच्या झाडूकडे पाहिलं. मग पुढे आले, दोघींच्या मधे जाऊन उकिडवे बसले, ढीग पळीनं काळजीपूर्वक उचलून डब्यात भरला, आणि झाकण लावून उभे राहिले.

"हा माल आपला हाय," ते म्हणाले. "माह्या कुत्रीचा गू हाय. तिच्या खाण्यात हिरवा रंग मीच मिसळतो. किती खाल्लं, किती पचलं, ते मोजतो. तेच काम करतो मी आजकाल. कोणी कोणावर काही केलं नाही."

धनीबाईंचा झाडू खाली आला. मग लखीराम म्हणाला, "म्हणजे ते माती नव्हती?"

"नाही."

"अन् म्या इतके दिवस लोकायले सांगून राह्यलो का मिस्त्री मातीचं परीक्षण करते."

हसू पहिल्यांदा धनीबाईंना आलं. मग काकूंना. एकदा त्या दोघी हसल्या म्हटल्यावर बाकीच्यांना परवानगीच मिळाली. चाचा मान खाली घालून उभे होते. कान लाल झाले होते. तेवढ्यात त्यांच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं, सगळे हसत असताना, अगदी गंभीरपणे विचारलं की माझी शेळी खाते खूप पण अंगाला लागत नाही, हे मोजता येईल का. चाचांनी मान वर केली. त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं, शेळीला दाणा अख्खा देता की भरडून. तिथेच, भर रस्त्यात, पंधरा मिनिटं त्यांनी त्याला लेंड्या कशा तपासायच्या ते समजावलं. बरीच माणसं थांबून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गळती पकडली. चाचा दुपारच्या, जोहरच्या नमाजाला रोज अर्धा तास जायचे. एरवी मीही तेव्हा जेवायला जायचे, पण त्या दिवशी झाकलेल्या मशिनीमागे लपून बसले. ग्रीसनं दोन मिनिटं वाट पाहिली. मग नाकाडानं पिंजऱ्याची कडी वर ढकलली, बाहेर आली, आणि अंगणातून कापूस ओढून आणायचा जो जाड पत्र्याचा पाईप होता त्यात शिरली. तो पाईप बाहेरच्या ओट्यावर उघडायचा. ती मूळची काकांच्याच गल्लीतली. सकाळचं काम ती आमच्या जाळीवर करायची, पण दुपारचं तिला आपल्या नेहमीच्या ठिकाणीच हवं होतं. वीस मिनिटांनी ती परत आली आणि पिंजऱ्यात जाऊन पडली. दार उघडंच राहिलं.

मी चाचांना हे सांगितलं तेव्हा ते खाली बसले. मला वाटलं, आपण केलेली कडी कुत्रीनं उघडली याचं त्यांना वाईट वाटलं.

"नमाजहून आलो का रोज दार उघडं दिसे," ते म्हणाले. "मले वाटे, मीच कडी लावाची विसरून राह्यलो. म्हटलं, मिस्त्री, तू आता म्हातारा झाला. तुमाले सांगितलं नाही. घरीही सांगितलं नाही."

मग ते उठले, ग्रीसच्या पिंजऱ्याला तारेचा पीळ देऊन कडी पक्की केली, आणि त्या दिवशी सगळ्या मशिनींना तेल देताना मी त्यांना गुणगुणताना ऐकलं.

अमिनाबींना आदल्या संध्याकाळीच सगळं कळलं होतं. गल्लीतल्या सहा घरांनी वेगवेगळं येऊन सांगितलं होतं. चाचा त्या रात्री ओरडा खायची तयारी करून गेले, पण त्या नेहमीसारखं वाढत राहिल्या. गळती पकडली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्या स्वतः डबा घेऊन जिनिंगवर आल्या. आजवर कधी आल्या नव्हत्या. दारातूनच सगळ्या पिंजऱ्यांवर नजर फिरवली आणि मला विचारलं की, ती पळपुटी कुठली. मी दाखवली. ग्रीस उठून उभी राहिली, शेपूट हलवायला लागली. अमिनाबींनी तिला चांगलं न्याहाळलं, आणि म्हणाल्या की हिच्यात अक्कल आहे, पण ताटात एवढंच घालता, हिचे हाडकं दिसतात, म्हणजे तुमचं गणित अजून बरोबर नाही. मी ते वहीत लिहून घेतलं. खरंच, ग्रीसला आम्ही वजनाच्या मानानं कमी देत होतो.

नमुन्यांचे निकाल आले. हिरव्या भुकटीनं ग्रीसचा उतारा दाखवला त्र्याहत्तर. इतरांसारखाच. तिचं पोट अगदी साधं निघालं, आणि माझा स्वतंत्र प्रबंध तिथेच संपला. मुख्य प्रबंध मात्र झाला. कुत्र्यांना घरं मिळाली. चार आपापल्या मालकांकडे परत गेली, नट लखीरामनं ठेवून घेतला, आणि ग्रीसला धनीबाई व काकू दोघी मिळून खायला घालायला लागल्या, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी. त्यामुळे ती जाड झाली, ते वेगळं.

रहेमानचाचांचं पुढे काय झालं, तर जिनिंग दोन वर्षांनी पुन्हा सुरू झालं, आणि ते चोवीस मशिनींवर परत गेले. पण म्हाताऱ्याच्या शेळीचं काम त्यांना सुटलं नाही. भरडलेल्या दाण्यावर ती शेळी सुधारली होती, आणि ती बातमी बोरी अरब गावापर्यंत गेली. लोक रविवारी जनावराचं शेण, लेंड्या घेऊन त्यांच्याकडे यायला लागले. ते काडीनं उलगडून बघायचे, अख्खे दाणे मोजायचे, पाण्यात टाकून तरंगतंय की बुडतंय ते तपासायचे, आणि खाण्यात काय बदलायचं ते सांगायचे. रक्त दिसलं, किडे दिसले, की काही न सांगता सरळ दवाखान्याचा रस्ता दाखवायचे. त्यात त्यांनी कधी चूक केली नाही. एकदा बोरी अरबचा खेमसिंग वासराचं शेण पळसाच्या पानात बांधून, स्टीलच्या जेवणाच्या डब्यात घेऊन आला, आणि चाचा येईपर्यंत डबा लखीरामच्या टेबलावर ठेवून चहा प्याला. शेजारच्या गिऱ्हाइकानं डबा आपला समजून उघडला. त्यानंतर लखीरामनं दुकानावर पाटी लावली की बाहेरचे डबे बाहेरच ठेवावे.

२०११ साली मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले होते. विद्यार्थ्यांना पऱ्हाटीवर चालणारं ते कपाट कसं केलं ते कळावं, असं मला वाटलं, म्हणून चाचांना बोलावून घेतलं. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. सोबत अमिनाबी, कारण त्यांना नागपूर बघायचं होतं. वर्गात चाळीस मुलं, आणि समोर टेबलावर ताजा नमुना. निम्म्यांनी रुमाल नाकाला लावले होते.

"रुमाल काढा," चाचा म्हणाले. "अर्धं तं नाकानंच समजते. आंबट वास आला तं एक, सडका आला तं दुसरं. नाक झाकून कायचं शिकान?"

एकेकानं रुमाल काढला. दोन तास ते बोलले. मशिनीवर, कपाटावर, ओलाव्यावर, कडी कशी करू नये यावर. मुलांनी इतके प्रश्न विचारले की जेवायला उशीर झाला. अमिनाबी पहिल्या बाकावर बसून होत्या, ओढणी नीट घेऊन, आणि एकदाही त्यांनी नाक झाकलं नाही.

कॅन्टीनमध्ये आमच्या विभागप्रमुखांनी त्यांना आदरानं विचारलं की, मिस्त्रींचं हे काम बघून तुम्हाला कसं वाटतं. त्यांनी नवऱ्याच्या ताटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या की, पाच वर्षांत आमच्या यांनी सगळ्या तालुक्याच्या जनावरांना काय खावं ते सांगितलं, पण स्वतः अजून जेवताना घाई करतात, नीट चावत नाहीत. चाचांनी हातातला घास ताटात परत ठेवला. त्या दिवशी त्यांनी भात इतका सावकाश खाल्ला की दारव्ह्याची साडेचारची गाडी चुकली.